सोसायटी कॉपी आणि कॉलेज कॉपी

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या उद्घाटनप्रसंगी २६ जानेवारी २०२५ रोजी सोसायटीच्या गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून बोललो तसाच लिहून दिला आहे.)



मला दिलेला विषय होता, 'सोसायटीची पंचवीस वर्षांची आर्थिक वाटचाल'. मी सात वर्षं खजिनदार होतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसाला लोक खजिनदारच करतात, दुसरं काही करत नाहीत. सिंकिंग फंडाचा आकडा मी झोपेतही सांगेन. पण ते सगळं अहवालात छापलेलं आहे, आणि खाली मसालेभाताचा वास सुटलेला असताना लोकांना सिंकिंग फंड ऐकवणं बरं नव्हे. म्हणून मी सेक्रेटरीसाहेबांकडून विषय बदलून घेतला. त्यांनी कारण विचारलं नाही, याबद्दल त्यांचे आभार. कारण आता तुम्हा सगळ्यांसमोरच सांगतो.

चार वर्षांपूर्वी, २६ जानेवारी २०२१ ला, याच गच्चीवर पांढरी चादर बांधून आपण एक फिल्म पाहिली होती. माझ्या नातीने कॉलेजसाठी तिच्या आजीवर केलेला माहितीपट. तुम्ही सगळे मास्क लावून, लांब लांब खुर्च्या टाकून बसला होतात. फिल्म नऊ मिनिटांची होती. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, बी विंगच्या वहिनींनी डोळे पुसले, आणि दुसऱ्या दिवशी मॉर्निंग वॉकला मला चारजणांनी सांगितलं की, काका, नशीबवान आहात.

ती फिल्म मुळात साडेअकरा मिनिटांची होती. अडीच मिनिटं मी कापायला लावली होती.

आता सुरुवातीपासून सांगतो.

नात म्हणजे माझ्या मुलीची मुलगी. मुलगी-जावई नाशिकला. नात बीएमएम करायला मुंबईत आली आणि आमच्याकडे राहिली. मार्च २०२० मध्ये परीक्षा पुढे गेली, दोन दिवसांत नाशिकला जाईन म्हणाली आणि तेवढ्यात सगळंच बंद झालं. २२ मार्चला आपण गॅलरीत थाळ्या वाजवल्या, त्याच रात्री लोकल थांबल्या. मुलुंडकर माणसाला घड्याळ लागत नाही, गाड्यांच्या आवाजावर त्याला वेळ कळते. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती आपल्या मुलुंडवरूनच. तो आवाज बंद झाल्यावर पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. ही म्हणाली, कान बिघडले की काय असं वाटतंय.

ते दिवस आपण कसे काढले ते इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. दोन वॉचमन गावी जाऊ शकले नाहीत, ते सोसायटीच्या ऑफिसात राहिले आणि त्यांचे डबे विंगवार ठरले. भाजीचा टेम्पो गेटवर यायचा. मे महिन्यात आपला एक मजला महापालिकेने सील केला तेव्हा त्या घरासमोर दुधाच्या पिशव्या ठेवून बेल वाजवून पळणारी पोरं आज इंजिनिअर झाली आहेत. आम्हा पासष्टच्या वरच्यांना तर खाली उतरायलाही बंदी. मी दारात वर्तमानपत्र येईना म्हणून जुनी पासबुकं वाचत होतो, यावरून समजा.

ऑगस्टमध्ये नातीला कॉलेजचं काम आलं. दहा-बारा मिनिटांचा माहितीपट करायचा. घराबाहेर जायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही, कॅमेरा म्हणजे हातातला फोन. घरातलं एक माणूस निवडा आणि त्याच्यावर करा. एवढंच.

आता घरात माणसं तीन. त्यातली एक कॅमेऱ्यामागे. उरलो आम्ही दोघं. खरं सांगतो, मला एक क्षणही शंका आली नाही. बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं १९ जुलै १९६९ ला, मी नोकरीला लागलो १९७० च्या फेब्रुवारीत. लेजर, टोकन, पितळी पिंजऱ्यातला कॅशियर, ग्रामीण शाखा, म्हशींची कर्जं, संगणक, संगणकाविरुद्धचे मोर्चे, सगळं मी पाहिलेलं. सदतीस वर्षांची सेवा. मी रात्री बसून मुद्दे काढले. फुलस्केपची चार पानं झाली. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून चहाला आलो. नात म्हणाली, "आजोबा, कुठे निघालात?"

म्हटलं, "शूटिंग नाही का आज?"

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "मी आजीवर करतेय."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "माझ्यावर काय करायचंय? मी काय केलंय?"

मला वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. पण चाळीस वर्षं लोकांचे कर्जाचे अर्ज नामंजूर केलेत, आपला एक नामंजूर झाला तर चेहरा सरळ ठेवता आला पाहिजे. मी स्पॉटबॉय व्हायचं कबूल केलं.

आमच्या पिढीला माहितीपट म्हणजे काय, तर फिल्म्स डिव्हिजनचा. सिनेमा सुरू व्हायच्या आधी थिएटरात तो दाखवायचेच, सक्तीच होती. धरणं, पूर, मंत्र्यांचे दौरे, आणि तो धीरगंभीर आवाज. तेवढ्यात आपण बाहेर जाऊन शेंगदाणे आणायचे. त्यामुळे घरातल्या बाईवर, स्वयंपाकघरात, काय माहितीपट होणार, हे मला कळेना. नातीने मग मलाच शिकवणी दिली. म्हणाली, आजोबा, या देशात सिनेमाची सुरुवातच अशी झालीय. सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवरची कुस्ती टिपली. दोन पैलवान, बस. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' करण्याआधी काय केलं, तर कुंडीत वाटाणा लावला आणि त्याचं रोप कसं वाढतं ते थोडं थोडं करून अनेक दिवस टिपलं. ते घरातलं रोप पाहून लोकांचा विश्वास बसला, पैसे उभे राहिले, आणि मग १९१३ चा सिनेमा. "फाळक्यांकडे वाटाणा होता, माझ्याकडे आजी आहे," ती म्हणाली.

ही म्हणाली, "छान. वाटाणा झाले मी."

त्यांच्या सरांनी आणखी एक-दोन गोष्टी सांगितल्या होत्या. इराणमधले जफर पनाही म्हणून दिग्दर्शक, सरकारने त्यांना सिनेमा करायला बंदी घातली, तर त्यांनी स्वतःच्या फ्लॅटमध्ये, काही भाग तर मोबाइलवर, २०११ मध्ये एक फिल्म केली आणि ती पेनड्राइव्हवर देशाबाहेर गेली. आणि आपल्या मुंबईतल्याच अर्चना फडके, त्यांनी स्वतःच्या घरावर, एका छपराखालच्या तीन पिढ्यांवर, 'अबाऊट लव्ह' नावाचा माहितीपट केला. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला. मी नातीला विचारलं, घरच्यांचं घरातलं बोलणं परदेशात दाखवलं, घरच्यांना चाललं? ती म्हणाली, तेच तर अवघड असतं, आजोबा. मी तेव्हा मान डोलावली. मला तेव्हा काही कळलं नव्हतं.

शूटिंग सुरू झालं त्याच सुमाराची एक गंमत. सिनेमा-मालिकांचं शूटिंग जूनमध्ये सुरू करताना सरकारने पासष्टवरच्या कलाकारांना सेटवर यायला बंदी केली होती. ७ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. नात बातमी घेऊन धावत आली, "आजी, आता कोर्टाचीही परवानगी आहे." तोवर एप्रिलमध्ये अमिताभ, रजनीकांत, आपली सोनाली कुलकर्णी या सगळ्यांनी आपापल्या घरी बसून एक छोटी फिल्म केलेली आपण टीव्हीवर पाहिली होती, तीच, अमिताभचा काळा चष्मा शोधण्याची. म्हणजे अमिताभ आणि आमची ही, दोघंही घरीच काम करणारे ज्येष्ठ कलाकार.

माझं काम काय होतं सांगतो. खिडकीसमोर पांढरा पंचा धरून उभं राहायचं, म्हणजे चेहऱ्यावर उजेड पडतो. पंखा बंद करायचा. फ्रिज बंद करायचा, कारण त्याची घरघर फोनमध्ये येते. एकदा फ्रिज चालू करायचा राहिला आणि दोन लिटर दूध फाटलं. लॉकडाऊनमध्ये दोन लिटर दूध! त्याचा कलाकंद झाला आणि तो तुमच्यापैकी काहींनी खाल्ला आहे, तेव्हा कारण सांगितलं नव्हतं.

आणि तुम्ही सगळे. फिल्म करताना कळलं की इमारत किती बोलते. सी विंगमधला हार्मोनियमचा ऑनलाइन क्लास. लिफ्टमधली ती बाई, 'कृपया दरवाजा बंद करा'. अकरा वाजताच्या कुकरच्या शिट्ट्या, कुठल्या घरी डाळ आणि कुठल्या घरी बटाटे हे आता आम्ही ओळखतो. शेवटी सेक्रेटरीसाहेबांनी ग्रुपवर टाकलं, 'दुपारी चार ते पाच, ए विंग तिसऱ्या मजल्यावर चित्रीकरण, कृपया सहकार्य करावे.' आणि तुम्ही केलंत. बाराशे रुपयांच्या वाढीव मेंटेनन्सवर जे सहकार्य कधी मिळालं नाही, ते यावर मिळालं.

पहिले चार दिवस काही जमलं नाही. ही कॅमेऱ्यासमोर बसली की हळदीकुंकवाला आल्यासारखी बसायची. पदर नीट, हात मांडीवर. नातीने विचारलं, आजी, तू लहानपणी काय करायचीस, की उत्तर, "चारचौघींसारखंच." नात रात्री ते बघून रडकुंडीला आली.

मग एक दिवस नातीचं ऑनलाइन लेक्चर संपलं, तिने कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तोंडासमोर माइकची बारकी दांडी असलेला. ही तो उचलून पुसत होती, धूळ दिसली की पुसणारच. पुसता पुसता तिने तो डोक्याला लावला, माइक बोटाने ओठांसमोर आणला, आणि उजवा हात आपोआप पुढे गेला, हवेत, काहीतरी उचलून कुठेतरी खुपसल्यासारखा. आणि म्हणाली, "नंबर प्लीज."

तो आवाज मी सदतीस वर्षांत ऐकला नव्हता. एकदम सरळ, स्पष्ट, जरासा वरचा. नातीने फोन हातात धरलेलाच होता.

इथल्या तरुण मंडळींना सांगायला हवं. ही १९७१ पासून मुंबईच्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, ट्रंक एक्सचेंजला. तेव्हा परगावी फोन करायचा तर १८० ला फोन करून कॉल बुक करायचा आणि वाट बघत बसायचं. ऑर्डिनरी कॉल केला तर तासन् तास. घाई असेल तर अर्जंट, त्याला दुप्पट पैसे. त्याहून घाई असेल तर लायटनिंग, ते तर शेटजी लोकांचं काम. ठरावीक माणूस जागेवर असेल तरच बोलायचं असेल तर पीपी कॉल. ऑपरेटर प्रत्येक कॉलचं तिकीट लिहायची, कुणी, कुठे, किती वाजता. समोर बोर्ड, त्यावर भोकं आणि बारके दिवे, हातात कॉर्डच्या जोड्या. एक टोक इकडे, दुसरं तिकडे. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून सांगायचं, तीन मिनिटं झाली, वाढवायची का?

हे मला माहीत होतं. म्हणजे माहिती म्हणून. पण ती जे नातीला सांगायला लागली ते माहीत नव्हतं. लातूरच्या लाइनवर पावसाळ्यात कसा समुद्रासारखा आवाज यायचा. पलीकडच्या गावच्या ऑपरेटर, ज्यांना कधी पाहिलं नाही, पण ज्यांच्या पोरांची दुखणी माहीत होती. सांगलीकडची एक होती, तिचा आवाज ऐकला की बरं वाटायचं, ती एक दिवस बोर्डवर आली नाही आणि पुढे कधीच आली नाही, का ते विचारायला नंबर नव्हता. पहाटे येणारे अर्जंट कॉल बहुतेक मरणाचे. "बोलणाऱ्याचा श्वास ऐकूनच कळायचं. मग तीन मिनिटं झाली तरी मी मध्ये बोलायची नाही. सुपरवायझर बाई तिकडे तोंड फिरवायच्या." आणि स्प्लिट ड्युटी. सकाळी चार तास, मग मधे सुट्टी, मग संध्याकाळी पुन्हा. मधल्या वेळात मुलुंडला येऊन परत जाणं परवडायचं नाही, म्हणून त्या सगळ्याजणी रेस्टरूममध्ये स्वेटर विणायच्या, परीक्षांचा अभ्यास करायच्या. ही तेव्हा खात्याच्या पुढच्या परीक्षेचा अभ्यास करत होती, हे मी या फिल्ममुळे ऐकलं. पंचा धरून उभा असताना.

एवढं सगळं तुम्ही चादरीवर पाहिलंत. नऊ मिनिटं. शेवटी ही हेडफोन काढून ठेवते आणि म्हणते, "चला, कुकर लावते." आणि फिल्म संपते.

आता कापलेलं.

सप्टेंबरअखेर नात म्हणाली, कॉलेजला संमतीपत्र लागतं. ज्याच्यावर फिल्म केली त्याची सही, की माझं चित्रण आणि माझं बोलणं वापरायला माझी हरकत नाही. तेव्हा माझ्यातला अधिकारी जागा झाला. म्हटलं, मी ड्राफ्ट करतो, हे काम माझं. मी लॅपटॉपवर बसून पक्कं कागदपत्र केलं, 'मी खाली सही करणार', 'स्वखुशीने', 'कोणत्याही दबावाशिवाय', एक तर 'वारसदारांवर बंधनकारक' असंही घातलं होतं. प्रिंट काढली, पेन आणलं, आणि हिच्यासमोर ठेवलं. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली केली होती. सवय.

हिने कागद पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाली, "हाही तुम्हीच टाइप केलात?"

नातीने विचारलं, "'हाही' म्हणजे, आजी?"

कॅमेरा तेव्हा चालू होता. नात म्हणते, सही करतानाचा शॉट घ्यायचा म्हणून. मी त्याबद्दल तिला काही म्हणालेलो नाही.

१९८३ साली माझं प्रमोशन झालं. अधिकारी झालं की ग्रामीण भागात जावंच लागतं, नाही म्हटलं तर प्रमोशन गेलं. मला लातूर जिल्ह्यातली एक शाखा मिळाली. लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. मुलगी आठ वर्षांची. दोन दिवसांत कळवायचं होतं. मी ऑफिसात हिशोब मांडला, दोन घरं, दोन भाडी, मुलीची शाळा. हिशोब बरोबर होता, आजही तपासला तरी बरोबर निघेल. आणि संध्याकाळी सगळे गेल्यावर शाखेतल्या टाइपरायटरवर मी हिच्या राजीनाम्याचं पत्र टाइप केलं. 'ड्यू टू डोमेस्टिक रीझन्स'. घरी नेऊन तिच्यासमोर ठेवलं. तिने सही केली.

पुढे सदतीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो, नातेवाइकांत, इथे सोसायटीतही सांगितलंय, की हिला त्या नोकरीचा कंटाळाच आला होता. बदली म्हणजे हिची सुटका झाली. मी खोटं बोलत होतो असं नाही हो. मला तसंच वाटत होतं. इतक्या वेळा सांगितलं होतं की तेच आठवत होतं.

कॅमेऱ्यासमोर ही काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत सांगतो, कारण मी ते नंतर पुष्कळ वेळा ऐकलंय. "कंटाळा? मला कधीच कंटाळा आला नाही. मला कुणी विचारलं नाही. हे कागद घेऊन आले, मी सही केली. बारा वर्षांची नोकरी, एका ओळीचं पत्र." थोडी थांबली. "त्यात एक स्पेलिंगही चुकलं होतं. मी ते पेनाने नीट केलं आणि मग दिलं."

आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. तीन मिनिटं झाली, वाढवायची का, हे ज्या आवाजात विचारायची त्या आवाजात.

आता माझी बाजू. ग्रामीण शाखेत असताना आयआरडीपीची कर्जं वाटली आम्ही. म्हशीला, शेळीला, शिलाई मशिनला. घेणारा निरक्षर असला तर अंगठा घेण्याआधी त्याला कागदातला मजकूर त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा, समजावून सांगायचा, आणि तसा शेरा मारून साक्षीदाराची सही घ्यायची, असा नियम. मी तो कधी मोडला नाही. दुपारी तीन वाजता रांग दाराबाहेर गेली असली तरी मी एकेकाला वाचून दाखवायचो, स्टाफ वैतागायचा. जामीनदाराला तर दोनदा विचारायचो, बाबा रे, समजून सही करतोयस ना? हे मी अभिमानाने सांगायचो. माझ्या फुलस्केपच्या चार पानांत हा मुद्दा होता.

त्या दिवशी नातीने माझं संमतीपत्र बाजूला ठेवलं. कॉलेजचा साधा एक पानी फॉर्म होता, तो घेतला, आजीच्या शेजारी खाली बसली आणि एकेक ओळ वाचून मराठीत सांगितली. फिल्म कुठे दाखवतील, इंटरनेटवर जाईल का, आजीला नंतर नको वाटलं तर काय. आजीने दोन प्रश्न विचारले. मग सही केली. मी पंचा धरून उभाच होतो. शूटिंग संपलं होतं, पण पंचा खाली घ्यायचं सुचलं नाही.

त्या रात्री मी नातीला म्हटलं, कॉलेजला काय द्यायचं ते दे. पण गच्चीवर दाखवशील त्यात हे नको. लोक काय म्हणतील? तीन विंग आहेत, अठ्ठेचाळीस घरं आहेत, मी खजिनदार होतो इथे. ती म्हणाली, "आजोबा, सही आजीची आहे. तुम्ही कसं कापणार?" मी आवाज चढवला. चढवला, हे खरं. लॉकडाऊनमध्ये एकाच घरात अबोला धरणं किती कठीण असतं ते तुम्हाला माहीत आहे, तरी आम्ही दोन दिवस धरला. शेवटी आजीनेच मिटवलं. नातीला म्हणाली, "दोन कर. एक कॉलेज कॉपी, एक सोसायटी कॉपी." त्या रात्री मला वाटलं, सुटलो.

सोसायटी कॉपीला टाळ्या मिळाल्या. मघाशी म्हटलं तसं, मला चारजणांनी नशीबवान म्हटलं. घरी येऊन ही म्हणाली, "चादर धुवायला टाका." बाकी काही नाही.

मार्च २०२१ मध्ये साठीवरच्यांना लस सुरू झाली. आम्ही दोघं गेलो. लस घेतल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचे, खुर्च्या लांब लांब. तिथे पंख्याखाली, मास्कमधून, मी हिला विचारलं. जरा मोठ्यानेच विचारावं लागलं, शेजारच्या खुर्च्यांतल्या लोकांनीही ऐकलं असणार. म्हटलं, "तेव्हा विचारलं असतं, तर काय म्हणाली असतीस?"

"आत्ता विचारताय?" ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. नर्स येऊन चक्कर वगैरे नाही ना विचारून गेली. मग म्हणाली, "कदाचित हो म्हटलं असतं. मुलगी लहान होती. पण आमच्या सुपरवायझर बाईंनी त्याच दुपारी सांगितलं होतं, राजीनामा देऊ नकोस, आधी बिनपगारी रजा टाक, वर्षभर बघ, लातूरकडे बदलीचा अर्ज कर. मी ते घरी येऊन तुम्हाला सांगणार होते. तुम्ही कागद घेऊनच आलात."

मी बँकेचा माणूस. सरकारी नोकरीत राजीनामा दिला की मागची सेवा बुडते, पेन्शन मिळत नाही, हे मला १९८३ मध्येही माहीत होतं. रजेचा पर्याय मात्र माझ्या हिशोबात नव्हता, कारण ज्याला तो माहीत होता त्या माणसाला मी हिशोबात घेतलं नव्हतं.

त्यानंतर एप्रिल आला, दुसरी लाट आली. आपल्या सोसायटीतून त्या दोन महिन्यांत कोण कोण गेलं, त्यांची नावं मघाशी अध्यक्षांनी वाचली. तेव्हा फिल्म वगैरे कुणाच्या डोक्यात नव्हतं. नात पुढे पास झाली, आता पुण्याला नोकरी करते, आज इथे आलेली आहे, तो प्रोजेक्टर घेऊन उभी आहे तीच. फिल्मला कॉलेजात चांगले मार्क मिळाले. सरांनी शेरा दिला होता की, संमतीपत्राचा प्रसंग सर्वांत चांगला. तो शेरा तिने मला दाखवला नव्हता, मी परवा तिच्या फाइलमध्ये पाहिला.

रौप्यमहोत्सवाचं ठरलं तेव्हा सांस्कृतिक समितीने विचारलं, ती फिल्म पुन्हा दाखवू या का. मी हिला विचारलं. या वेळी आधी विचारलं. म्हटलं, कुठली कॉपी? तिने एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी म्हणाली, "कॉलेज कॉपी. पण आधी तुम्ही बोला. लोकांना एकदम चादरीवर कळायला नको." म्हणून हे भाषण. आणि तिच्या दोन अटी आहेत. एक, आवाज मोठा ठेवा, मागच्या वेळी मागच्या रांगेत ऐकू आलं नव्हतं, आणि ऑपरेटरचं बोलणं ऐकू आलं नाही तर काय उपयोग. दुसरी, फिल्म चालू असताना कुणी उठून तिच्याकडे बघायचं नाही. ती दुसऱ्या रांगेत बसली आहे, डाव्या बाजूला. बघू नका म्हटलं ना!

त्या राजीनाम्याची कार्बन कॉपी माझ्या फाइलमध्ये अजून आहे. बँकेतल्या माणसाकडे कार्बन कॉपी असतेच. नात म्हणत होती फिल्ममध्ये घालू या, पण तोवर फिल्म देऊन झाली होती. परवा मी ती काढून पाहिली. चुकलेलं स्पेलिंग 'रिझिग्नेशन'चंच आहे. कार्बन कॉपीवर ते अजून चुकलेलंच आहे.

साडेअकरा मिनिटं आहेत. त्यानंतर जेवण. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी खुर्ची सोडू नये, पानं जागेवर येतील असं केटररने कबूल केलंय. सेक्रेटरीसाहेब, गच्चीचे दिवे बंद करायला सांगा. आणि पाण्याच्या टाकीचा पंप चालू आहे, तोही.